आखाजीचा स्वयंपाक म्युनिकमध्ये, बारा पानं: डाळ, पीठ, शेगडी, आंबा सगळ्याच अडचणी

इंदिरानगरची_लेक
नमस्कार मंडळी. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आपल्या आखाजीला, म्युनिकमध्ये घरी बारा जणांचं जेवण करायचं आहे. बहुतेक सगळे नाशिक, मालेगाव, धुळ्याकडचे, त्यामुळे पानात आखाजीचं सगळं हवं: पुरणपोळी, रस, सार, भात, भजी, कुरडया, पापड. आई पंधरा दिवस आधी नाशिकहून येते आहे, म्हणून आत्ताच विचारते.

अडचणी अशा. हरभऱ्याची डाळ कितीही शिजवली तरी मधे कण राहतो. पुरण वाटल्यावर चिकट होतं आणि लाटताना पोळी कडेला फाटते. इथल्या दुकानात पिठाच्या पुड्यांवर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात, त्यातलं कोणतं घ्यायचं? शेगडी इंडक्शनची आहे, कुरडया तळताना कधी फुलतात तर कधी चिवट राहतात. आईने बॅगेतून तूप आणि आंबे आणले तर चालतील का? आणि पुरण किती जणांना किती लागतं, याचा हिशेब ग्रॅममध्ये कुणी देईल का? घरी विचारलं की "अंदाजाने घे" असं उत्तर येतं.

पाटावरवंटा
आधी हिशेब. आखाजीच्या पानात रस, भात, तळण असतं, त्यामुळे माणशी दोन पोळ्या पुरे होतात. दोन जास्तीच्या धरून २६ पोळ्या करा. एका पोळीला ७० ग्रॅम पुरण आणि ४० ग्रॅम कणीक. त्यासाठी ७०० ग्रॅम हरभरा डाळ, ६०० ग्रॅम गूळ आणि ६५० ग्रॅम पीठ. वेलची १० ते १२, अर्धं जायफळ, चिमूटभर मीठ. डाळीइतकाच गूळ घालतात ते बरोबर आहे, पण सोबत गोड रस असताना १०० ग्रॅम कमीच चांगला लागतो, आणि पुरण आटायलाही वेळ कमी लागतो.

आता कण का राहतो. म्युनिकचं नळाचं पाणी जड आहे. जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला धरून ठेवतं, आणि मग शिट्ट्या कितीही करा, दाणा बाहेरून विरघळतो आणि आत टचटचीत राहतो. डाळ जुनी असेल तर आणखीच. म्हणून भिजवायला आणि शिजवायला दोन्हीला फिल्टरच्या जगमधलं पाणी घ्या. नुसतं शिजवायचं पाणी बदलून अर्धंच काम होतं, कारण डाळ भिजतानाच बरंच कॅल्शियम पिऊन घेते. दोन तास भिजवा, रात्रभर नको. रात्रभर भिजलेल्या डाळीचा कट पातळ आणि बेचव होतो.

पाणी डाळीच्या वजनाच्या चौपट, म्हणजे ७०० ग्रॅमला २.८ लिटर. एवढं सगळं पाच लिटरच्या कुकरमध्ये एकदम लावू नका. डाळीला फेस येतो, कुकर निम्म्याच्या वर भरला की फेस शिट्टीत चढतो आणि अर्धा कट ओट्यावर जातो. दोन खेपांत करा, प्रत्येक खेपेला चमचाभर तेल आणि चिमूटभर हळद. मीठ आणि गूळ या पायरीला अजिबात नाही. डाळ पूर्ण शिजायच्या आत गूळ पडला तर ती त्यापुढे शिजत नाही.

इंडक्शनवर शिट्ट्या मोजू नका. ती शेगडी कुकर इतक्या झपाट्याने तापवते की पहिल्या तीन शिट्ट्या डाळ गरम व्हायच्या आतच होतात. एक शिट्टी झाली की शेगडी खालच्या आकड्यावर आणा आणि १८ मिनिटं घड्याळ लावा. तिकडचा बिनशिट्टीचा कुकर असेल तर दांडी दुसऱ्या रेघेपर्यंत वर आल्यावर १४ मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्या. उघडल्यावर दाणा दोन बोटांत चिरडा, लोण्यासारखा पसरला पाहिजे. बारीकशी चुणी जरी लागली तरी परत पाच मिनिटं. ही चुणी वाटताना जाणवत नाही, पण पोळी लाटताना नेमकी तीच पारीतून बाहेर येते.

चाळणीत ओतून कट खाली धरा. डाळ निदान वीस मिनिटं निथळू द्या, अधूनमधून हलवा. चिकट पुरणाचं पहिलं कारण इथलं ओलं राहिलेलं पाणी.

दुसरं कारण मिक्सर. मिक्सरचं पातं डाळीतली पिठूळता मोकळी करून तिची खळ करतं. पुरणयंत्र नसेल तर आईने बॅगेत लोखंड वाहून आणायची गरज नाही. जर्मनीत सफरचंदाचा गर काढायला हाताने फिरवायचं एक भांडं घरोघरी असतं, त्याला फ्लोटे लोटे म्हणतात. ते म्हणजे आपलं पुरणयंत्रच. २ मिलिमीटरची जाळी लावा. डाळ आणि गूळ एकत्र आटवून गरम असतानाच फिरवा. गार झालं की दगड होतो, हात दुखतो आणि जाळी वाकते.

आटवताना जाड बुडाचं पातेलं, मध्यम आच, सतत ढवळणं. गूळ विरघळला की आधी सगळं पातळ होतं, घाबरू नका. १५ ते २० मिनिटांनी कडा सुटायला लागतात. पुरणात पळी उभी केली आणि ती पडली नाही की झालं. गार झाल्यावर ते आणखी घट्ट होणार, हे धरूनच थांबा. फार आटवलं तर पुरण भुरभुरीत होतं आणि पोळीत एका बाजूला गोळा होऊन बसतं. तसं झालंच तर दोन चमचे गरम दूध शिंपडून मळा.

तिकडच्या भारतीय दुकानातला गूळ बघून घ्या. फार दिवस पडून राहिलेला गूळ ओला आणि काळपट होतो, त्याचं पुरण कितीही आटवलं तरी लेचंच राहतं. तसा असेल तर ४०० ग्रॅम गूळ आणि २०० ग्रॅम साखर घ्या. सगळी साखर नको, साखरेचं पुरण गार झाल्यावर कडक होतं.

इसार_ते_गोदा
पाटावरवंटांनी पाण्याचं लिहिलंय त्याला जोड देतो. जर्मनीत पाण्याचा जडपणा अंशांत मोजतात, ८.४ च्या खाली मऊ, १४ च्या वर जड. आपल्या गावाचा आकडा पाणीपुरवठा संस्थेच्या साइटवर मिळतो. म्युनिक, बर्लिन दोन्ही जड. फिल्टरची कांडी जुनी असेल तर उपयोग नाही, चहावर तवंग येत असेल तर कांडी बदलायला झाली आहे असं समजा.

पिठाचं. पुडीवरचा आकडा म्हणजे १०० ग्रॅम पीठ जाळल्यावर किती मिलिग्रॅम राख उरते तो. आकडा लहान तेवढा कोंडा कमी. ४०५ म्हणजे जवळपास आपला मैदा. ५५० जरा चिवट, पावाचं. १०५० मध्ये कोंडा दिसतो. पूर्ण गव्हाचं फोलकॉर्न पीठ पुरणपोळीला बिलकुल घेऊ नका. त्यातला कोंडा आपल्या गिरणीसारखा बारीक दळलेला नसतो, पापुद्र्याएवढे तुकडे असतात आणि ते पारीला सुरीसारखे चिरतात. तुमची पोळी कडेला फाटते त्यामागे बहुधा हेच आहे.

भारतीय दुकानातला आटा ४०० ग्रॅम बारीक चाळणीने चाळून, त्यात ४०५ नंबरचं २५० ग्रॅम. पाणी एकदम ओतू नका. चक्कीचा आटा १०० ग्रॅमला ७० मिलिलिटरपर्यंत पाणी पितो, ४०५ मात्र ५५ ते ६० वरच सैल पडतं. या मिश्रणाला ४०० मिलिलिटरने सुरुवात करा आणि हात ओला करत वाढवा. ६० मिलिलिटर तेल, अर्धं मळून झाल्यावर थोडं थोडं. कणीक कानाच्या पाळीइतकी मऊ. झाकून दोन तास. लाटलेली पोळी मागे आकसत असेल तर कणीक विसावलेली नाही, आणखी अर्धा तास द्या, जोर लावू नका.

लाटायला तांदळाची पिठी. आशियाई दुकानात दोन प्रकारच्या पिठ्या शेजारी शेजारी असतात. नावात "क्लेब" असेल तर ती चिकट तांदळाची, ती पोळपाटाला डिंकासारखी बसते. साधी घ्या.

आता बॅगेचं. तूप, खवा, पेढे, कुठलाही दुधाचा पदार्थ युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाला आणता येत नाही. सापडलं की जप्त. आंब्याचंही तसंच. १४ डिसेंबर २०१९ पासून ताज्या फळांना, भाज्यांना, पानांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. सूट फक्त केळी, नारळ, अननस, खजूर आणि डुरियन या पाचांना. म्हणजे विड्याची पानं नाहीत, ताजा कढीपत्ता नाही, तोरणाला आंब्याचे डहाळे नाहीत. मसाले, पापड, कुरडया, शेवया, गूळ, डबाबंद रस यांना अडचण नाही. डबाबंद रस मात्र मोठ्या बॅगेत, हातातल्या नाही.

तूप इथेच कढवा आणि फार चांगलं होतं. बिनमिठाचं लोणी घ्यायचं, पण पुडीवर "झाउअरराम" लिहिलेलं, म्हणजे विरजलेल्या सायीचं. गोड सायीच्या लोण्याचं तूप पांढरट आणि वासाला सपक निघतं. विरजलेल्याला आपल्या लोणकढ्या तुपाच्या जवळचा वास येतो. लोण्यात ८२ टक्के स्निग्धांश असतो, २५० ग्रॅमच्या चार पुड्यांतून ७८० ग्रॅमच्या आसपास तूप मिळतं. मंद आचेवर ३५ ते ४० मिनिटं, तडतड थांबली आणि बेरी बदामी झाली की लगेच गाळा. इंडक्शन बंद केली तरी जाड बूड तापलेलंच असतं, पातेल्यात ठेवलं तर बेरी काळी होते. इथलं तयार तूप, म्हणजे बुटरश्माल्स, मिळतं ते तळणाला ठीक, पोळीवर वाढायला नको.

सटाणेवाल्या_काकू
तव्याचं कुणी लिहिलं नाही, ते आधी सांगते. इंडक्शनवर सपाट बुडाचा लोखंडी किंवा बिडाचा तवाच हवा, चुंबक चिकटतो का बघा. आपला खोलगट तवा टेकत नाही, तो तापतच नाही. आणि शेगडीवरचं वर्तुळ १८ सेंटिमीटरचं असताना २६ सेंटिमीटरची पोळी टाकली की मधे डाग पडतात आणि कड कच्ची राहते. वर्तुळाएवढीच पोळी लाटा, किंवा सगळ्यात मोठं वर्तुळ वापरा. तवा मध्यम आकड्यावर पाच मिनिटं तापवा. जास्तीत जास्त आकड्यावर घाईने तापवलेला बिडाचा तवा तडकतो सुद्धा.

पोळी टाकली की फुगे येईपर्यंत हात लावायचा नाही. मग दोन उलथण्यांनी एकदाच उलटायची. तूप तव्यावर सोडू नका, पोळी ताटलीत काढून मग लावा. तव्यावर पडलेलं तूप जळून धूर होतो. धुराचे अलार्म जर्मनीत झोपायच्या खोल्यांत आणि बोळात सक्तीचे असतात म्हणे, स्वयंपाकघराचं दार उघडं असेल तर बोळातला वाजणारच. दार बंद, खिडकी उघडी, पंखा सुरू.

झालेल्या पोळ्या गरम असताना एकावर एक रचू नका. वाफ धरते, खालची पोळी ओली होऊन चिकटते. सुती कापडावर सुट्या पसरा, गार झाल्या की घडी.

आता सार. तुमच्याकडे दीड लिटरच्या वर कट निघेल. बारा जणांना अडीच लिटर सार लागतं, कारण आपली माणसं सार भातावरही घेतात आणि वाटीतही पितात. कटात दोन मुठी शिजलेली डाळ घोटून घाला, वरून एक लिटर उकळतं पाणी. वाटणाला ३०० ग्रॅम कांदा, १०० ग्रॅम सुकं खोबरं, १५ पाकळ्या लसूण, दोन इंच आलं, मूठभर कोथिंबीर. कांदा जाळावर भाजायची सोय नाही, तर ओव्हनचं वरचं ग्रिल २५० वर करून उभे काप १५ मिनिटं ठेवा, कडा काळ्या होऊ द्या. सारात जो खमंगपणा असतो तो या काळ्या कडांचा. नुसता तेलात गुलाबी परतला तर हॉटेलची ग्रेव्ही होते. तिकडचा खोबऱ्याचा कीस फार पटकन जळतो, कोरड्या कढईत दीड-दोन मिनिटं, लाल झाला की लगेच ताटात.

तेल १२० मिलिलिटर, कमी करू नका, तर्री त्याचीच. वाटण तेल सुटेपर्यंत परता. शेगडी बंद करून तीन मोठे चमचे काळा मसाला आणि दोन लहान चमचे तिखट घाला, दहा सेकंद हलवा आणि लगेच पळीभर गरम कट. काळा मसाला आधीच भाजलेला असतो, पेटत्या आचेवर तेलात टाकला की कडू. कट गारठलेला ओतला तर तर्री वर येत नाही, म्हणून तो शेजारी गरम ठेवा. मीठ २५ ग्रॅम, वीस मिनिटं मंद उकळी. गूळ घालू नका. पोळी गोड, रस गोड, सार झणझणीतच हवं.

काळा मसाला आईनेच आणावा. तिकडे त्या नावाने मिळणारा बहुतेक गोडा मसाला असतो, लवंग-दालचिनीवर गेलेला. अर्धा किलो पुरेल, दोन पिशव्यांत बांधून डब्यात, नाहीतर बॅगेतले सगळे कपडे सारासारखे वास मारतील.

भज्यांसाठी गिलकी (घोसाळी) मिळणार नाहीत. झुकिनी घ्या, चार मिलिमीटरच्या चकत्या. मीठ फक्त पिठात, चकत्यांना लावून ठेवलं तर पाणी सुटतं आणि पीठ ओघळतं. इतकी बेमालूम लागतात की सांगितल्याशिवाय कळत नाही.

इंदिरानगरची_लेक
सगळ्यांचे खूप आभार, लिहून घेते आहे. तीन शंका. डाळीत खायचा सोडा घालतात असं वाचलं, घालू का? पितरांच्या घासाच्या पानासाठी सारात कांदा-लसूण चालतो का? आणि दोघा पाहुण्यांना खापरावरचे मांडे हवेत, काही जमेल का?

पाटावरवंटा
सोडा शक्यतो नको. फिल्टरचं पाणी नसेल आणि दुसरा इलाजच नसेल तर ७०० ग्रॅमला एक ग्रॅम, म्हणजे पाव चहाचा चमचा सपाट. त्याच्या वर गेलं की कटाला साबणासारखी चव येते आणि सार वाया जातं. आणि तिकडे "नाट्रोन" लिहिलेला घ्या. "बाकपुल्फर" म्हणजे बेकिंग पावडर, त्यात आंबट घातलेलं असतं, त्याने डाळ उलट आडते.

मांड्यांबद्दल स्पष्ट सांगतो: घरात करू नका. मांडा हातावर फिरवत दीड-दोन फुटांचा करून पालथ्या खापरावर टाकायचा असतो, आणि खापराला चारी बाजूंनी जाळ लागतो. इंडक्शन पालथं भांडं तापवूच शकत नाही. पालथी लोखंडी कढई आणि गॅसचा कॅम्पिंग स्टोव्ह हा एकच मार्ग, तोही उघड्यावर, बागेत. बंद खोलीत किंवा बंद बाल्कनीत तो स्टोव्ह कधीही पेटवायचा नाही, कार्बन मोनॉक्साइडने माणसं दगावतात. बागेत करणारच असाल तर पीठ ५५० नंबरचं, वस्त्रगाळ केल्यासारखं चाळून, आणि कणीक पोळीपेक्षा कितीतरी सैल, तेल-पाण्याचा हात लावून अर्धा तास तिंबलेली, इतकी की उचलली तर धार सुटावी. ५५० चा चिवटपणा इथे कामाला येतो. पण बारा जणांच्या जेवणाच्या दिवशी पहिल्यांदा हा प्रयोग करणं बरोबर नाही.

सटाणेवाल्या_काकू
कांदा-लसणाचं घराघरावर आहे. आमच्या बागलाणात बऱ्याच घरी चालतो, नाशिक गावात बऱ्याच घरी घासाच्या पानाला चालत नाही. तुमच्या घरचं आईला विचारा, ती येतेच आहे. चालत नसेल तर कट काढताना तीन वाट्या बाजूला काढा आणि त्याची चिंच-गुळाची, गोड्या मसाल्याची, जिरं-खोबऱ्याची आमटी आधी करून घ्या. एकाच पातेल्यातलं सार नंतर वेगळं करता येत नाही, म्हणून हे सकाळीच.

पितरांच्या नावाने भरायच्या घागरीसाठी मातीचा माठ विमानाने आणायचा खटाटोप नको. तिकडच्या कुंडीला खाली भोक असतं आणि ती पिण्याच्या पाण्यासाठी भाजलेली नसते. तांब्याचा कलश ठेवा. फारच मन असेल तर आईने गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातून मातीची केळी, म्हणजे छोटंसं घागरीसारखं भांडं, आणावं, हातातल्या बॅगेत कपड्यात गुंडाळून. आणल्यावर दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवा आणि ताटलीत ठेवा, झिरपतं. वर ठेवायला डांगर म्हणून कुठलंही पिवळं खरबूज चालेल, एप्रिलमध्ये दुकानात असतं.

आगारीला, म्हणजे पितरांचा घास विस्तवावर टाकायला, निखारा मात्र घरात नको. घास पानावर काढा, पाणी सोडा, तेवढंच पुरे.

लासलगाव_नाका
आंब्याचं राहिलंय. युरोपात हापूस आणि केसर एप्रिल-मेमध्ये विमानाने येतात, भारतीय दुकानात पेटीची आगाऊ नोंदणी करावी लागते. मे २०१४ मध्ये फळमाशीमुळे युरोपीय संघाने भारतीय आंबा बंद केला होता, २०१५ च्या सुरुवातीला बंदी उठली. तेव्हापासून आंबा ४८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवून मग पाठवतात. त्यामुळे साल कधीकधी सुरकुतलेली दिसते, गर चांगला असतो. पेटी आली की कच्ची फळं फ्रिजमध्ये टाकू नका. १३ अंशांच्या खाली कच्चा आंबा गारठतो आणि नंतर कितीही ठेवला तरी पिकत नाही, आतून राखाडी पडतो. कागदात गुंडाळून खोलीत, देठाजवळ वास सुटला की मगच फ्रिज. म्हणून आखाजीच्या आधी सहा-सात दिवस पेटी हातात हवी.

धागा वाचणाऱ्या अमेरिकेतल्या मंडळींसाठी: तिकडे २००७ पासून भारतीय आंबा विकिरण करूनच जातो, किमान ४०० ग्रे (विकिरणाचं एकक) मात्रा. आपल्या लासलगावचं कृषक विकिरण केंद्र २००२ मध्ये कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून सुरू झालं, तिथूनच पहिला अमेरिकेचा आंबा गेला. विकिरणाने कोयीतल्या भुंग्याची पैदास थांबते आणि फळ सावकाश पिकतं, तेव्हा दोन-तीन दिवस जास्त धरा.

बारा जणांना माणशी पाव लिटर, म्हणजे तीन लिटर रस. सगळा ताज्या आंब्याचा करायचा तर फार महाग पडतं. केसरच्या ८५० ग्रॅमच्या तीन डब्यांत चार-पाच ताजी फळं पिळून घाला. डब्याच्या रसाला शिजल्याची चव असते, ती ताज्या रसाने झाकली जाते. डब्यावर साखर घातलेली आहे का ते वाचा, बहुतेकांत असते, मग वरून साखर नको. चिमूटभर मीठ आणि सुंठ घाला. सुपरमार्केटमधला लाल-हिरवा मोठा आंबा दोऱ्यांचा आणि बिनवासाचा असतो. घ्यायचाच तर केंट नावाचा घ्या, त्यात दोरे कमी. ताजा रस हाताने पिळून चाळणीतून काढा, मिक्सरमध्ये हवा शिरून तो फेसाळतो आणि रंग फिका पडतो. दूध घालायचं असेल तर वाढताना घाला.

इसार_ते_गोदा
कुरडया राहिल्या. चिवट राहतात याचं कारण तेल थंड. १९० ते २०० अंश हवं. इंडक्शनवर पहिली कुरडई टाकली की तेल उतरतं, आणि शेगडीचा कंट्रोल ते परत चढवायला वेळ घेतो. लहान पण खोल कढई, एक लिटर तेल, एका वेळी एकच कुरडई, दोन कुरडयांमध्ये वीस-तीस सेकंद थांबा. तुकडा टाकून बघा, दोन सेकंदांत फुलून वर आला पाहिजे. तेल शुद्ध केलेलं शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं. पुडीवर "नाटिफ" असेल तर ते घाण्याचं, १९० च्या आतच धुरावतं. आणि कुरडया हवेत ओल्या झाल्या असतील तर आधी ओव्हनमध्ये ६० अंशांवर २० मिनिटं वाळवा, दार किंचित उघडं ठेवून.

आणताना कुरडया स्टीलच्या किंवा कडक प्लास्टिकच्या डब्यात, तळाला आणि वर पेपर नॅपकिन, मधली पोकळी नागलीच्या पापडांनी भरा. पापड वाकतात, कुरडया हलत नाहीत. माणशी दोन धरल्या तरी ३५ आणा, दहा तुटतातच. चुरा टाकू नका, कांदा घालून भाजी होते.

इंदिरानगरची_लेक
शेवटचं. शुक्रवारी ऑफिस आहे, जेवण शनिवारी. काय आधी करून ठेवू? तृतीया नक्की कोणत्या दिवशी धरायची?

पाटावरवंटा
तिथी भारतातल्या कॅलेंडरवरून घेऊ नका. तिथी सुरू होण्याचा क्षण सगळीकडे एकच, पण तुमचा सूर्योदय तीन-साडेतीन तास उशिरा, म्हणून कधीकधी वार बदलतो. पंचांगाच्या साइटवर म्युनिक निवडा. तिथी शनिवारी नसेल तर तिथीच्या दिवशी घासापुरत्या दोन पोळ्या करा, जेवण शनिवारी.

तूप आठवडाभर आधी. पुरण गुरुवारी रात्री करून, पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये. गरम ठेवलं तर झाकणाखाली पाणी जमून वरचा थर ओला होतो. शनिवारी सकाळी कढईत दोन-तीन मिनिटं परतून परत मळा, फ्रिजमधलं थेट भरू नका, गार पुरण आणि मऊ कणीक सारखी लाटली जात नाही. कटही गुरुवारचाच, वेगळ्या डब्यात, फ्रिजमध्ये. वाटण शुक्रवारी. कणीक शनिवारी सकाळी साडेआठला, पोळ्या साडेदहाला सुरू, एका तव्यावर २६ पोळ्यांना दीड तास धरा, लाटायला एक आणि भाजायला एक माणूस. भजी आणि कुरडया पानं मांडल्यावर.

आणि उरलेलं पुरण ७० ग्रॅमचे गोळे करून फ्रीझरमध्ये टाका, महिनाभर छान राहतं. आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवायचं.